सिनेमा आणि उधारीची वही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सिनेमा करू पाहणारी तरुण मुलंमुली मला भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा असतो. "ताई, कोणता कॅमेरा घेऊ?" दुसरा प्रश्न, "कमीत कमी किती पैशांत होईल?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात, आणि मी देतेही. पण तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारत नाही. सिनेमाला लागणारे जे पैसे आपण खर्च करणार नाही, ते मग कोणाच्या पदरचे जाणार? आज मला या तिसऱ्या प्रश्नाविषयी बोलायचं आहे.

आधी थोडं माझ्याविषयी सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते कळेल. मी कराडजवळच्या एका गावची. सिनेमाचं रीतसर शिक्षण झालेलं नाही. आठ वर्षं मी लग्नाचे व्हिडिओ केले, शूटिंगही आणि एडिटिंगही. पुष्कळांना हे काम कमी प्रतीचं वाटतं. मला विचाराल तर यासारखी शाळा नाही. लग्नात रिटेक नसतो. अंतरपाट एकदाच दूर होतो, आणि त्या क्षणी तुम्ही कुठे उभे आहात यावर सगळं अवलंबून असतं. वधूची आई कधी रडेल याचा अंदाज आठ वर्षांत येऊ लागतो. या कामातून साठवलेले पैसे आणि धाकट्या भावानं दिलेले थोडे, असे मिळून साडेनऊ लाख रुपये हातात घेऊन आम्ही २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात २१ दिवसांत एक सिनेमा चित्रित केला. आजोबा, नात आणि विकायला काढलेला बैल, एवढीच गोष्ट. लांबी ७४ मिनिटं.

साडेनऊ लाख ऐकून काही जण म्हणतात, "वा, स्वस्तात झाला!" तिथेच मी त्यांना थांबवते.

आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच पदरमोडीतून झाली. दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडनला गेले, तिथून कॅमेरा आणला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. हे आपल्याला पाठ असतं. सरस्वतीबाई फाळक्यांनी दागिने दिले, हेही आपण कौतुकानं सांगतो. पण त्या काळी कच्च्या फिल्मला कडेची छिद्रं घरी पाडावी लागत. ते अंधारात बसून करायचं काम सरस्वतीबाई शिकल्या. शिवाय दादरच्या घरी राहणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे होता. निर्मात्याच्या भाषेत सांगायचं, तर एक अर्थपुरवठादार, एक तंत्रज्ञ आणि एक भोजनव्यवस्थापक अशी तीन माणसं त्या एका बाईत होती, आणि मजुरीच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी शून्य.

कोल्हापूरची कथा अशीच. बाबूराव पेंटरांनी १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, तेव्हा मदतीला धावलेल्यांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या. पुढे याच कंपनीनं १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढला. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा तो सिनेमा. बंगालात सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' सुरू केला, तेव्हा पत्नीचे दागिने गहाण पडले, विम्याची पॉलिसी गेली, जपून ठेवलेल्या तबकड्याही विकल्या गेल्या.

या गोष्टी प्रेरणादायी म्हणून सांगितल्या जातात. माझं मत थोडं वेगळं आहे. ज्यांचे सिनेमे झाले आणि गाजले, त्यांच्याच घरचे दागिने आपल्याला माहीत आहेत. ज्यांचे अर्धवट राहिले, त्यांच्या घरच्या पाटल्यांवर कोणी लेख लिहिलेला नाही. माझ्या आईनंही पाटल्या काढून समोर ठेवल्या होत्या. मी त्या घेतल्या नाहीत. यात फार मोठं काही नाही. आईचं पुढचं दुखणं-खुपणं त्या पाटल्यांवर निघायचं होतं, आणि सिनेमा पडला असता तर ते बिल तिनं भरलं असतं, मी नाही.

आता कॅमेऱ्याकडे येते. ३५ मिलिमीटरची हजार फूट फिल्म साधारण ११ मिनिटं चालते. ती विकत घ्यायची, धुवायची, तिची प्रिंट काढायची. त्या काळी गरीब निर्मात्याचा जीव या फुटांत अडकलेला असे. म्हणून तालमी भरपूर होत आणि टेक मोजके. आज कार्डावर कितीही चित्रित करा, खर्च जवळपास तोच. याचा एक परिणाम कोणी लक्षात घेत नाही. फिल्म महाग होती तेव्हा ती वाचवताना माणसांचा वेळही आपोआप वाचायचा. आता दिग्दर्शक सहज पंधरावा टेक मागतो, आणि त्या पंधराव्या टेकला उन्हात रिफ्लेक्टर धरून उभा असलेला मुलगा फुकट आलेला असतो.

कॅमेरा कोणता, याचं माझं उत्तर साधं आहे: तुमच्या तालुक्यात लग्नवाल्यांकडे जो उत्तम असेल तो. आणि कधी घ्यायचा, तर चातुर्मासात. लग्नाच्या हंगामात त्या कॅमेऱ्याला हात लावू देणार नाहीत. पण आषाढी ते कार्तिकी एकादशी मुहूर्त नसतात, पितृपक्षात तर साखरपुडाही कोणी करत नाही. कॅमेरे, लेन्स, दिवे सगळं कपाटात. आम्हाला २१ दिवसांचं सगळं सामान पंच्याण्णव हजारांच्या आत मिळालं. वर त्या स्टुडिओवाल्यानं आपला माणूस दिला, "बसूनच असतो, घेऊन जा" म्हणून. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कुरकुर केली. त्यांच्या समाधानासाठी नारळ फोडून एक मुका शॉट आम्ही गणपतीआधीच घेऊन टाकला.

भाद्रपदाची निवड आणखी दोन कारणांनी झाली. आमच्या भागात तेव्हा ऊस डोक्याच्या वर उभा असतो. दिवाळीच्या आगेमागे कारखाने सुरू झाले की तोड येते, आणि काल ज्या फडात शॉट घेतला तिथे आज मोकळं रान दिसतं. राय यांनी १९५२ च्या ऑक्टोबरात कासफुलांच्या रानात पहिला दिवस चित्रित केला. पुढच्या वेळी जाऊन बघतात तर गुरांनी कास फस्त केलेली. उरलेला प्रसंग घ्यायला त्यांना पुढच्या वर्षीचा बहर यावा लागला. आम्ही उसातले सगळे प्रसंग पहिल्या सहा दिवसांत उरकले. दुसरं कारण विहिरीवरच्या मोटारींचं. पावसाच्या दिवसांत त्या फारशा चालत नाहीत. एरवी शेतीला वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी पाळीनं येते, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात शिवारात उभं राहून संवाद ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे मोटारीच्या घरघरीत कीर्तन ऐकण्यासारखं आहे.

आवाजावर मी थोडं जास्त बोलणार आहे. कारण कमी पैशांचा सिनेमा चित्रामुळे क्वचित पडतो. आवाजामुळे हमखास पडतो. थोडं हललेलं, थोडं अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही की तो चुळबुळ करतो आणि उठून जातो. आसाममध्ये रीमा दास यांनी आपल्या गावच्या मुलांना घेऊन 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सगळं स्वतः. २०१७ सालासाठीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. पण त्याच वर्षी स्थळावरच्या ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याच सिनेमाला होता, मल्लिका दास यांना. इतक्या छोट्या सिनेमातही आवाजासाठी वेगळं माणूस होतं, हे आमच्या मुलांना मी मुद्दाम सांगते.

आमच्या लोकेशनपासून शंभर पावलांवर पिठाची गिरणी होती. ती चालू असली की आजोबांच्या घरातला एकही संवाद घेता येत नसे. युनिटमधला एक जण म्हणाला, "सांगू त्यांना, गावाचं नाव होतंय, दोन तास बंद ठेवा." पण गावाच्या नावावर गिरणीवाल्याचं लाइटबिल भरलं जात नाही. आम्ही त्यांच्याशी बसून बोललो. दुपारी दोन तास गिरणी बंद, त्याचे रोजचे २०० रुपये. एकवीस दिवसांचे ४,२०० रुपये झाले. आमच्या खर्चाच्या कागदावर 'शांतता' या नावाखाली ती रक्कम आहे. सिनेमातली सगळ्यांत चांगली खरेदी म्हणून मी ती दाखवते.

जेवणाचंही तेच. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी स्वयंपाक केला. पहिल्या बैठकीत त्या अगदी गप्प बसून होत्या. मग एकीनं सांगितलं, की काही वर्षांपूर्वी एक शूटिंगवाले येऊन गेले, आठ दिवस जेवले, आणि "मुंबईला गेल्यावर पाठवतो" म्हणून गेले ते गेलेच. किराणा या बायकांनी उधारीवर भरलेला होता. त्या आठ दिवसांची झळ आम्हाला लागत होती. आम्ही दर सोमवारी आठवड्याचे पैसे आगाऊ दिले. बावीस माणसांचा एकवीस दिवसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, असे लाखभर रुपये गेले, कॅमेऱ्यापेक्षा जास्त. कमी पैशांच्या सिनेमात जेवणाला हात लावू नये. उपाशी माणूस चौथ्या दिवशी भांडतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता वहीविषयी. आमचं युनिट १४ जणांचं होतं, माझ्यासकट. प्रत्येकाला, दिग्दर्शकापासून स्पॉटदादापर्यंत, रोज सारखे ५०० रुपये रोख मिळत. हे पुरेसं नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून दिवसाचे आणखी १,५०० रुपये प्रत्येकाच्या नावावर एका दोनशे पानी वहीत लिहिले जात, आणि आठवड्याला त्यावर दोघांच्या सह्या होत. चौदा माणसं, एकवीस दिवस: ४ लाख ४१ हजार रुपये. सिनेमाला पैसे आले, तर ते कोणत्या क्रमानं द्यायचे हेही पहिल्या पानावर होतं. आधी स्पॉटदादा आणि लाइटवाले, मग सहायक, मग कॅमेरा आणि साउंड, आणि दिग्दर्शक सर्वांत शेवटी. पैसे आलेच नाहीत तर काय, तेही लिहिलेलं होतं: देणं बुडेल, आणि ते बुडालं असं तोंडावर सांगितलं जाईल.

एक मित्र रागावला होता. "आपल्यात कागद कशाला?" म्हणाला. मी त्याला म्हटलं, परक्याशी कागद नसला तर फार तर पैसे जातील. तुझ्याशी नसला तर तू जाशील. आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तेव्हा नसलेले पैसे असल्यासारखे दाखवू नयेत, आणि माणसांनी दिलेला वेळ नसल्यासारखाही दाखवू नये.

या वहीची परीक्षा सोळाव्या दिवशी झाली. आमच्या कॅमेरा सहायकाच्या वडिलांना छातीत दुखू लागलं, साताऱ्याला नेलं, अँजिओप्लास्टी सांगितली. पोरगा पंचवीस वर्षांचा, घरात मिळवता एकटाच. त्याच्या नावावर वहीत २४ हजार होते. ते लगेच देणं करारात नव्हतं. पण आमच्याकडे साठ हजारांचा राखीव पैसा होता, रंगसंस्कारासाठी बाजूला काढलेला. रात्री सगळे अंगणात बसलो. मी हिशेब वाचून दाखवला: हे पैसे काढले तर सिनेमाचं रंगाचं काम थांबेल, किती दिवस ते सांगता येणार नाही. कोणी भाषण केलं नाही. स्पॉटदादा म्हणाले, "रंग काय, मागनं चढवता येईल." त्याचे चोवीस हजार दिले, वर सोळा हजार उसने दिले. रंगाचं काम सात महिने थांबलं, आणि त्यामुळे दोन महोत्सवांच्या तारखा हुकल्या. वडील बरे आहेत. मुलगा आता मुंबईत चांगल्या युनिटमध्ये काम करतो.

लहान मुलांबाबत मात्र मैत्री, आपुलकी असलं काही चालू देऊ नये. तिथे कायदा आहे, आणि चांगला आहे. २०१७ पासूनच्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मोबदल्यातला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. आमची नात अकरा वर्षांची होती. पाच तास म्हटल्यावर सगळं वेळापत्रक तिच्याभोवती फिरलं. सकाळी ती, दुपारनंतर आजोबा आणि बैल. "छोट्या सिनेमाला कोण विचारतंय" असं मला सांगणारे भेटले. मोठ्या सिनेमातल्या मुलाला निदान व्हॅनिटीत झोपायला मिळतं. आमच्या मुलीला गोठ्याच्या कट्ट्यावर बसावं लागणार होतं; तिला नियमाची गरज जास्त.

बैलाचे नियम वेगळे. प्राणी पडद्यावर दिसला की प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आणि सेन्सॉरपूर्वी त्यांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. त्याचा खर्च आणि वेळ आधी धरा. आजोबांच्या हाती बिडी दिली की सिनेमाच्या आधी आणि मध्ये तंबाखूविरोधी संदेश, आणि त्या प्रसंगात खाली सूचना आलीच. आम्ही त्यांना सुपारी आणि अडकित्ता दिला. त्या अडकित्त्याचा कटकट आवाज पुढे इतका उपयोगी पडला, की बिडीची आठवण झाली नाही. दुसऱ्याच्या कथेवर सिनेमा करणार असाल, तर लेखक हयात नसला तरी त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. रेडिओवर वाजणारं जुनं गाणं प्रसंगात हवंच असेल, तर त्याच्या हक्काची किंमत आधी विचारा. बहुधा तुमची हौस तिथेच फिटेल.

सिनेमा झाल्यावरचा खर्च नवख्या माणसाच्या कागदावर नसतोच. ध्वनीचं अंतिम मिश्रण, उपशीर्षकं, सेन्सॉरची फी, थिएटरला लागणारी डीसीपी नावाची डिजिटल प्रत, महोत्सवांच्या प्रवेशिका. हातातल्या पैशांतला निदान तिसरा हिस्सा चित्रीकरणाला हात न लावता यासाठी ठेवावा. राज्य शासनाची मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची योजना आहे, पण त्यासाठी आधी सिनेमा पूर्ण असावा लागतो, सेन्सॉर झालेला असावा लागतो. ते पैसे मागचं देणं फेडायला असतात. त्यांच्यावर विसंबून पुढचं काम काढू नये. थिएटरचं काय विचारता? एका वितरकानं आमच्याकडेच आगाऊ पैसे मागितले, आणि जे खेळ दिले ते सकाळी पावणेदहाचे. शेतकऱ्याच्या सिनेमाला सकाळी पावणेदहाला कोणता शेतकरी येईल?

मग आम्ही तो स्वतः दाखवत फिरलो. फिल्म सोसायट्या, महाविद्यालयं, गावोगावची मंगल कार्यालयं. तिकीट तीस रुपये. इथे मला नेहमी 'मंथन' आठवतो. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या या सिनेमासाठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. त्याची कथा पैसे उभे करण्याची युक्ती म्हणून सांगतात. मला त्यातलं दुसरं अंग महत्त्वाचं वाटतं: दोन रुपये दिलेला माणूस सिनेमा बघायला येतो. आमच्या गावातला पहिला खेळ बचत गटानंच लावला. गिरणीवाल्यांनी त्या संध्याकाळी आपण होऊन गिरणी बंद ठेवली, आणि पैसे घेतले नाहीत. सिनेमा संपल्यावर लोकांनी गोष्टीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बैल आता कुठे असतो, एवढंच विचारलं.

तीस-तीस रुपयांनी, दोन पुरस्कारांच्या रकमांनी आणि पुढे एका ऑनलाइन मंचाकडून आलेल्या थोड्या पैशांनी वही हळूहळू रिकामी होत आली. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं तर एकही खेळ झाला नाही. तेव्हा मी पुन्हा लग्नांवर गेले, पन्नास माणसांच्या लग्नांवर. आजमितीला चौदांपैकी नऊ जणांचे पैसे पूर्ण दिलेले आहेत. उरलेल्या पाचांत मी आहे, म्हणजे खरं देणं चौघांचं. क्रमानं आता साउंडवाल्या मित्राचा नंबर आहे. त्याचे राहिलेले अठरा हजार या दिवाळीला द्यायचे आहेत, आणि तसं मी त्याला कळवलं आहे.